सूर्यास्तापर्यंतची जादू

इंग्लंडच्या केंट परगण्यात, टेकडीवरच्या एका पांढऱ्या घरात चार भावंडं सुट्टीला आली आहेत. वडील कामासाठी परगावी गेलेत, आई आजारी आजीकडे. घरात मार्था नावाची दाई, बाकीची नोकरमाणसं आणि पाचवं भावंड, म्हणजे सगळे ज्याला 'कोकरू' म्हणतात तो तान्हा भाऊ. जवळच खडीची जुनी खाण आहे. तिथे ऑस्ट्रेलियापर्यंत आरपार खणत जायचा बेत करून मुलं वाळू उपसत असतात आणि वाळूतून एक प्राणी बाहेर येतो. गरगरीत केसाळ अंग, लांब शिंगांच्या टोकाला गोगलगाईसारखे डोळे, वटवाघळाचे कान, माकडाचे हातपाय. झोपमोड झाल्यामुळे त्याचं डोकं फिरलेलं आहे. ही वाळूपरी, नाव सॅमिॲड. हजारो वर्षं ती इथेच झोपून होती. रोज एक इच्छा पुरवायला ती कबूल होते. मात्र मागून मिळालेलं सगळं सूर्य मावळताच नाहीसं होणार.

एडिथ नेस्बिट यांचं 'फाइव्ह चिल्ड्रन अँड इट' हे पुस्तक १९०२ साली आलं. मुलांसाठीच्या जादूच्या साहसकथा त्याआधीही होत्या आणि नंतर तर त्यांचा पूरच आला. पण आज अशी गोष्ट ज्या साच्यात आपल्याला भेटते, तो या पुस्तकात पक्का झाला असं मला वाटतं. साधं घर, साधी मुलं, मोठी माणसं नजरेआड, मध्येच एक जादूची वस्तू किंवा प्राणी आणि त्या जादूला घातलेली चोख मर्यादा. यातली मर्यादा सगळ्यांत महत्त्वाची. जादू काय करू शकते यावर गोष्ट पानभर तरते. पुढचं शेकडो पानांचं साहस उभं राहतं ते ती काय करू शकत नाही यावर.

पहिल्याच दिवशी मुलं सुंदर रूप मागतात आणि ते मिळतंही. घरी आल्यावर तान्हा भाऊ या अनोळखी देखण्या मुलांना पाहून रडून आकांत करतो, मार्था दार लावून घेते. चार सुंदर मुलं दिवसभर उपाशी, खंदकाच्या कडेला बसून सूर्य कधी मावळतो याची वाट पाहतात. त्यात एक नवी भीती. सॅमिॲडने सांगितलेलं असतं की फार पूर्वी लोकांनी मागितलेल्या वस्तू संध्याकाळी दगड होऊन जायच्या. मग आपणही दगड झालो तर?

दगडांचा हा तपशील मला फार आवडतो. आदिमानवाच्या काळी लोक वाळूपरीकडे जेवण मागत, म्हणजे एखादा अवाढव्य प्राणी मागत. दिवसभरात जेवढा खाऊन होई तेवढा खायचा, उरलेला सूर्यास्ताला दगड. ठिकठिकाणी सापडणारे प्राचीन प्राण्यांचे जीवाश्म म्हणजे त्या जेवणावळींचं उरलंसुरलं! व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये जीवाश्मांचं वेड घरोघर पोचलं होतं. लंडनच्या सिडनम भागात क्रिस्टल पॅलेसच्या बागेत १८५४ सालापासून डायनोसॉरचे प्रचंड पुतळे उभे होते. मुलांना सहलीत दिसणारं ते विज्ञान नेस्बिटबाईंनी उचललं आणि जादूच्या पोटात घातलं. त्यामुळे जादू खरी वाटते, तिला इतिहास आहे असं वाटतं.

दुसऱ्या दिवशीची इच्छा पैशाची. खाण सोन्याच्या गिन्यांनी भरून वाहू लागते. आता गंमत पाहा: सोनं जड असतं. लोभाने भरलेले खिसे इतके ओढतात की चालवेना, म्हणून बरंचसं वाटेतच टाकावं लागतं. गावात पोचल्यावर कळतं की ही नाणी जुन्या काळातली, चलनातून गेलेली; आणि मळक्या कपड्यांतल्या पोरांच्या हातात सोनं पाहून दुकानदारांना वेगळाच संशय येतो. एकामागून एक दुकानदार हाकलून देतात. घोडागाडी विकत घ्यायला जावं तर तिथला माणूस थेट पोलीस बोलावतो. चौकीत खिसे उलटे करायची वेळ येते तोवर सूर्य मावळलेला असतो आणि खिशात काहीही नसतं. यात राक्षस नाही, चेटकीण नाही, कुणी दुष्ट नाही. वजन, चलन, संशय आणि घड्याळ एवढ्या सामग्रीवर पूर्ण साहस घडतं.

पुढे पंख मागितले जातात. मुलं दिवसभर उडतात, भूक लागल्यावर एका पाद्रीबाबांच्या कोठीघरातून खाणं उचलतात, त्याचे म्हणून पैसे आणि चिठ्ठी ठेवतात, चर्चच्या मनोऱ्यावर बसून खातात आणि तिथेच झोपी जातात. जाग येते तेव्हा अंधार पडलाय, पंख गेलेत, जिन्याच्या दाराला कुलूप आहे. एकदा घराचा किल्ला होतो आणि बाहेर वेढा पडतो. पण नोकरांना जादू जाणवू नये अशी अट मुलांनीच आधी मागून घेतलेली असते. म्हणून मार्थाला घर नेहमीसारखंच दिसतं आणि ती नेहमीसारखं जेवण वाढते. ते मुलांना मात्र दिसत नाही. अदृश्य ताटातलं अदृश्य जेवण चाचपत खायचं! नेस्बिटबाई नियम एकदा घालून दिला की त्याची शेवटपर्यंत अंमलबजावणी करतात. त्यांचा विनोद तिथून जन्मतो आणि मुलांचा त्यांच्यावरचा विश्वासही. लहान वाचक नियमांच्या बाबतीत फार कडक असतात. खेळात कुणी मध्येच नियम बदलला तर ते खेळ सोडून जातात आणि पुस्तकाचंही तसंच करतात.

जादूला अट हवी हे आपल्याकडच्या मुलांना नवं नाही. प्रेत खांद्यावर घेतलेल्या राजाने तोंड उघडलं की वेताळ परत झाडावर, ही अट काढून टाका, मग विक्रम-वेताळात काय उरतं? 'चांदोबा'तलं चित्रकार शंकर यांचं ते चित्र, हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत, ज्यांनी लहानपणी पाहिलं त्यांच्या मनातून ते जात नाही. श्रावणातल्या कहाण्यांतही घेतलेला वसा टाकला की आलेलं वैभव जातं. पण तिथली अट देवाधर्माची किंवा राजाच्या पराक्रमाची असते. नेस्बिटबाईंनी ती मध्यमवर्गीय घरातल्या चार भांडखोर पोरांच्या दिनक्रमात आणून बसवली. त्यांच्या आधी, १८६५ साली, लुईस कॅरलची ॲलिस सशाच्या बिळातून अद्भुतात गेली. पण ते स्वप्न होतं. ती जागी झाली आणि सगळं संपलं. सॅमिॲड स्वप्नात येत नाही. तो दुपारी जेवायच्या आधी भेटतो आणि त्याने घातलेला घोळ रात्री मार्थाच्या रागावण्यापर्यंत टिकतो.

या कथांचं रूप कसं ठरलं हे पाहायला बाईंच्या आयुष्यात जावं लागतं. एडिथचा जन्म १५ ऑगस्ट १८५८चा, लंडनमधल्या केनिंग्टनचा. वडील कृषी-रसायनशास्त्रज्ञ. ती चार वर्षांची व्हायच्या आत ते वारले. थोरल्या बहिणीच्या क्षयामुळे आई मुलांना घेऊन हवापालटासाठी गावोगाव फिरली. ती बहीण १८७१ साली गेलीच. १८८० साली एडिथने ह्युबर्ट ब्लँड यांच्याशी लग्न केलं. थोड्याच काळात ह्युबर्ट देवीच्या आजाराने अंथरुणाला खिळले आणि त्यांचा धंदा भागीदाराच्या लबाडीने बुडाला. घर चालवायची जबाबदारी एडिथवर आली. शुभेच्छापत्रं रंगवणं, कवितावाचनं करणं, मासिकांना मिळेल त्या दराने गोष्टी आणि कविता पुरवणं, हे बाईंनी वर्षानुवर्षं केलं. १८९९ साली 'द स्टोरी ऑफ द ट्रेझर सीकर्स' गाजलं तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्या पुस्तकात जादू नाही. घराची गेलेली पत परत आणायला धडपडणारी सहा भावंडं आहेत. म्हणजे पैशाची चणचण आधी आली, जादू नंतर. पुढच्या सगळ्या जादूच्या कथांत ही चणचण कायम आहे, आणि म्हणूनच त्या गिन्या एवढ्या जड लागतात.

घरातलं दुःख वेगळंच होतं. ह्युबर्टच्या ॲलिस होटसन या स्त्रीशी असलेल्या संबंधातून झालेली दोन मुलं एडिथने आपली म्हणून वाढवली. ॲलिस त्याच घरात राहत असे. १९०० साली पंधरा वर्षांचा मुलगा फेबियन टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर दगावला. त्यानंतर दोन वर्षांनी 'फाइव्ह चिल्ड्रन' आलं. ते अर्पण केलं आहे धाकट्या जॉनला, ॲलिसच्या मुलाला. पुस्तकातलं 'कोकरू' म्हणजे हाच जॉन.

कथांचं रूप ठरवणारी दुसरी गोष्ट मासिकाची. ही कथा आधी 'स्ट्रँड मॅगझिन'मध्ये क्रमशः छापली गेली. त्याच मासिकात शेरलॉक होम्सच्या कथा येत, आणि सॅमिॲड अवतरला तेव्हा बास्करव्हिलच्या कुत्र्याची कथा नुकती संपत होती. दर महिन्याला एक प्रकरण, दर प्रकरणात एक इच्छा, शेवटी सूर्यास्त. आधीचे अंक न वाचलेल्यालाही गोडी लागली पाहिजे आणि वाचलेल्याला कंटाळा येता कामा नये. सूर्यास्ताची अट ही कल्पनाशक्तीची करामत आहेच, पण ती मासिकाची गरजही उत्तम भागवते: महिन्याच्या शेवटी पाटी कोरी. एच. आर. मिलर यांनी काढलेली चित्रं सोबत होती आणि सॅमिॲडचं आज सगळीकडे दिसणारं रूप मूळ त्यांचंच.

याच भावंडांच्या पुढच्या कादंबरीत नेस्बिटबाईंनी नियम बदलले. 'द फीनिक्स अँड द कार्पेट' (१९०४) मध्ये मुलांच्या खोलीतला गालिचा फटाक्यांनी जळतो म्हणून दुसरा स्वस्तातला आणला जातो आणि त्याच्या गुंडाळीतून फीनिक्स पक्ष्याचं अंडं निघतं. गालिचा उडतो, दिवसाला तीन इच्छा पुरवतो. आईच्या मदतविक्रीसाठी वस्तू हव्यात म्हणून तो मुलांना थेट हिंदुस्थानात नेतो आणि राजवाड्यात कंटाळलेली एक राणी त्यांना सामान देते. एकदा तो १९९ पर्शियन मांजरं घरात आणून सोडतो. त्यांना घालायला दूध कुठून आणायचं हा त्या प्रकरणातला खरा प्रश्न. फीनिक्सला लंडनमध्ये आपलं देऊळ आहे असं वाटतं आणि मुलं त्याला त्याच्याच नावाच्या आगविमा कंपनीच्या कचेरीत घेऊन जातात. अशी कंपनी तेव्हा खरोखर होती.

पण या पुस्तकातला सगळ्यांत सुंदर नियम म्हणजे गालिचा झिजतो. मुलांच्या बुटांनी, ओढाताणीने त्याला भोकं पडतात. भावंडांतली अँथिया लोकरीने ती रफू करते. रफूच्या धाग्यात मात्र जादू नसते. ज्याचं बूड रफूवर टेकलं त्याची पंचाईत. जादूसुद्धा घरातल्या इतर वस्तूंसारखी वापराने संपते, हे किती घरगुती आणि किती नवं आहे! आधीच्या परीकथांतला उडता गालिचा कधी जुना झाल्याचं ऐकिवात नाही.

तिसरं पुस्तक, 'द स्टोरी ऑफ द ॲम्युलेट' (१९०६), या तिन्हींत मला सर्वांत थोर वाटतं. आईवडील दूर आहेत. मुलं लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमजवळ जुन्या दाईकडे राहतात. सॅमिॲड पाळीव प्राण्यांच्या दुकानात पिंजऱ्यात सापडतो. त्याच्या सांगण्यावरून मुलं जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून ताईत विकत घेतात. ताईत अर्धाच आहे. दुसरा अर्धा काळात हरवलेला, म्हणून तो शोधायला काळातच मागे जायला हवं. ताईत पूर्वेकडे धरून मंत्र म्हटला की तो मोठ्या कमानीएवढा होतो आणि पलीकडे प्राचीन इजिप्त, बाबिलोन, बुडतं अटलांटिस, सीझरची छावणी दिसते. एच. जी. वेल्स यांचं कालयंत्र १८९५ सालीच आलं होतं. वेल्स हे नेस्बिट यांच्या घरी ये-जा असलेले स्नेही. बाईंनी कालप्रवास मुलांच्या हाती दिला. ब्रिटिश म्युझियममधले इजिप्तच्या पुरावस्तूंचे प्रमुख वॉलिस बज यांनी बाईंना या पुस्तकासाठी मदत केली आणि पुस्तक बज यांनाच अर्पण केलं आहे. आधी अभ्यास, मग कल्पना, हा क्रम पानोपानी जाणवतो.

बाबिलोनची राणी लंडनला येते तो भाग तर विलक्षण आहे. संग्रहालयातल्या काचेमागचे दागिने पाहून ती म्हणते, हे माझे आहेत, द्या. रस्त्यावरचे कामकरी पाहून तिला वाटतं, हे गुलाम. आणि यांची इतकी हयगय केली तर ते बंड करून उठतील. ते गुलाम नाहीत, त्यांना मत आहे, असं मुलं सांगतात. मत म्हणजे काय, त्याने काय होतं, या तिच्या प्रश्नांना मुलांकडे धड उत्तर नाही. पुढे मुलं भविष्यातल्या लंडनलाही जातात. तिथली हवा आणि नदी स्वच्छ आहे, मुलांना शाळा इतकी आवडते की शाळेत न येऊ देणं ही शिक्षा आहे. कचरा टाकल्याबद्दल ती शिक्षा भोगणारा एक मुलगा भेटतो. त्याचं नाव वेल्स.

या पुस्तकांत आज खुपणाऱ्या जागा आहेत आणि त्या झाकू नयेत. 'रेड इंडियन' लोक फक्त टाळूची कातडी काढायला येतात. गालिचा ज्या बेटावर नेतो तिथले लोक 'रानटी' असतात. शेअर बाजाराच्या प्रसंगात ज्यू माणसांचं चित्रण द्वेषाच्या साच्यातलं आहे. ज्या लेखिकेने दाईच्या आणि स्वयंपाकिणीच्या कष्टांकडे पाहिलं, तिची नजर इथे तिच्या साम्राज्याच्या कुंपणाबाहेर गेली नाही. मुलांना ही पुस्तकं वाचून दाखवणाऱ्याने त्या पानांवर थांबून बोलावं. पानं गाळून पुढे जाऊ नये.

वारसदार पुष्कळ झाले. सी. एस. लुईस यांनी लहानपणच्या आवडत्या पुस्तकांत नेस्बिट यांची ही तिन्ही पुस्तकं सांगितली आणि ताईताच्या गोष्टीने आपल्यावर सर्वांत जास्त परिणाम केला असं म्हटलं. त्यांच्या नार्नियात (पहिलं पुस्तक १९५०) मुलं कपड्यांच्या कपाटातून दुसऱ्या जगात जातात. नेस्बिट यांच्या १९०८ सालच्या एका छोट्या गोष्टीतली ॲमाबेलही पाहुण्यांच्या खोलीतल्या मोठ्या कपाटातूनच जाते. अमेरिकेत एडवर्ड ईगर यांनी 'हाफ मॅजिक' (१९५४) लिहिलं. त्यातली मुलं नेस्बिटची भक्त आहेत आणि त्यांना सापडलेलं नाणं प्रत्येक इच्छा अर्धीच पुरवतं. आई वैतागून म्हणते, घरी असते तर बरं. ती निम्म्या वाटेवर, भर रस्त्यात उभी. मांजराला बोलता यावं म्हटलं तर ते अर्धवट बोलतं. मग मुलं प्रत्येक इच्छेला दोनने गुणायला शिकतात! मिखाएल एंडे यांच्या 'द नेव्हरएंडिंग स्टोरी'त (जर्मन मूळ १९७९) बास्टियनची प्रत्येक इच्छा पुरी होते आणि प्रत्येकीच्या मोबदल्यात त्याची एक आठवण जाते. इथे नियम विनोदाचा राहिलेला नाही, भीतीचा झाला आहे. उर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी बेटांवर (१९६८) एका ठिकाणी पाऊस पाडावा तर दुसरीकडे दुष्काळ पडू शकतो. आणि हॅरी पॉटरच्या जगात, जिथे झाडूवरून उडता येतं, तिथेही शून्यातून अन्न निर्माण करता येत नाही. शेवटच्या पुस्तकात (२००७) तिघं मित्र तंबूत उपाशी बसतात, भुकेने एकमेकांवर चिडतात, त्यांची मैत्री तुटायला येते, ते या एका नियमामुळे. तो नियम नसता तर हर्मायनीने कांडी फिरवली असती आणि आपण ते पान विसरलो असतो.

सॅमिॲडच्या पहिल्या पुस्तकाचा शेवट मात्र या कुणीही उचलला नाही. निरोप घेताना तो मुलांकडून वचन घेतो: माझ्याबद्दल मोठ्या माणसांना कधीही सांगू नका. कारण मोठी माणसं पंख आणि किल्ले मागणार नाहीत. ती वाढत्या दराचा प्राप्तिकर, म्हाताऱ्यांना निवृत्तिवेतन, सर्व पुरुषांना मताधिकार, मोफत माध्यमिक शिक्षण असलं काहीतरी मागतील, आणि ते सूर्यास्तानंतरही टिकेल अशा रीतीने मागतील. मग सगळं जग उलटंपालटं होईल.

जानेवारी १८८४ मध्ये लंडनला समाजवादी विचारांची फेबियन सोसायटी स्थापन झाली तेव्हा एडिथ आणि ह्युबर्ट तिच्या संस्थापकांत होते. मुलाचं नाव फेबियन ठेवलं ते त्यावरूनच. सॅमिॲडने ज्यांची धास्ती घेतली त्या मागण्या याच मंडळींच्या होत्या. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीपासून बाई दूर राहिल्या, हेही नोंदवायला हवं. ब्रिटनमध्ये वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा १९०८ साली झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून पैसे मिळू लागले. मोठ्या उत्पन्नावर जादा कर १९०९च्या अर्थसंकल्पाने आला. १९१८ साली एकवीस वर्षांवरच्या सर्व पुरुषांना मत मिळालं आणि तीस वर्षांवरच्या बऱ्याच स्त्रियांनाही. नेस्बिटबाई ४ मे १९२४ रोजी केंटमध्येच वारल्या. यादीतल्या चारपैकी तीन गोष्टी त्यांनी झालेल्या पाहिल्या. मोफत माध्यमिक शिक्षणाचा कायदा यायला १९४४ साल उजाडलं.